तापलेला स्नेह : जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचें तेल थोड्या खर्चांत थंड कसें ठेवावें

संस्कृत भाषेंत तेलास 'स्नेह' म्हणतात आणि प्रेमासही 'स्नेह'च म्हणतात. एकच शब्द दोहोंस कां लागला असावा, याचा विचार करतांना मला नेहमीं वाटतें कीं, दोन कठीण वस्तु एकमेकींवर घासूं लागल्या असतां त्यांच्यामध्यें राहून ताप सोसणें हा दोघांचाही धर्म आहे. कुटुंबांत हें काम बहुधा घरांतील एखादी वडील बाई करते. यंत्रांत तें तेल करतें. दोन्ही ठिकाणचा अनुभवही सारखाच. स्नेह जागेवर आहे तोंवर त्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. तो तापून पातळ झाला किंवा आटला, म्हणजे मग घर काय आणि यंत्र काय, आवाज करूं लागतें. या महिन्यांत दुसऱ्या प्रकारच्या स्नेहाविषयीं वाचकांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

निमित्त असें झालें. शाळेंत असतांना संस्कृताच्या तासांबरोबर मला पदार्थविज्ञानाचे पाठही द्यावे लागत. त्या वर्गांतला एक विद्यार्थी सध्यां इंग्लंडच्या मिडलंड्‌स भागांत नोकरीस आहे. त्यानें तिकडे हळूहळू पैसे साठवून १९६७ सालची 'एम. जी. बी.' जातीची एक उघडी स्पोर्ट्‌स मोटार घेतली. जुलै महिन्यांत मोठ्या रस्त्यानें तासभर गाडी चालविली कीं, तेलाचा दाब दाखविणारा कांटा खालीं उतरूं लागे. एका दुरुस्तीवाल्यानें पाहतांक्षणींच निकाल दिला कीं, इंजिन उतरवून सारीं बेअरिंगें बदलावीं लागतील. एका मित्रानें सल्ला दिला कीं, मिळेल तेवढा मोठा ऑइल कूलर आणून बसवावा. दोन्ही सल्ल्यांना पैसे हवे होते, आणि जवळ जी शिल्लक होती ती त्यानें पुढील उन्हाळ्यांत आईला तिकडे नेऊन दोन महिने ठेवण्यासाठीं राखली होती. "गुरुजी, आईचें तिकीट काढूं कीं गाडीचें इंजिन उघडूं?" असें त्यानें लिहिलें. या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं तेल खरोखरच तापतें आहे काय, आणि तापत असल्यास कां, हें ठरविलें पाहिजे, असें मीं त्यास कळविलें. पुढें आमचा जो पत्रव्यवहार झाला, त्याचें सार येथें देत आहें.

प्रथम गाडीची कुळकथा. ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या दुकानाच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'एम. जी.' हें नांव पडलें. एम. जी. बी. ही गाडी १९६२ सालीं ॲबिंग्डन येथील कारखान्यांतून निघूं लागली, आणि ऑक्टोबर १९८० मध्यें तो कारखाना बंद होईपर्यंत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तिचें चार सिलिंडरांचें १,७९८ घन सेंटिमीटरांचें इंजिन 'बी सिरीज' या घराण्यांतलें आहे. हें घराणें मूळचें साध्या घरगुती मोटारींचें. आपल्याकडील जुन्या अँबॅसडर गाडींतलें १,४८९ घन सेंटिमीटरांचें इंजिनही याच घराण्यांतलें, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचें चुलत भावंड होय. १९६४ च्या अखेरीपासून एम. जी. बी. च्या क्रँकशाफ्टास तीनांऐवजीं पांच बेअरिंगांचा आधार मिळाला. १९६६ सालीं जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंगच्या डोंगराळ वाटेवर ८४ तास चाललेल्या शर्यतींत एम. जी. बी. पहिली आली. तेव्हां 'हें इंजिन जात्याच तापट आहे' असें कोणी म्हणेल तर तें एकदम मानूं नये. माणसाच्या काय किंवा यंत्राच्या काय, स्वभावास दोष देण्यापूर्वीं त्याची सध्यांची स्थिति पाहावी.

आतां तेलाचें काम. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यांतील तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग अशा जुन्या इंजिनांत चाकांच्या कामीं येतो. बाकीची उष्णता कांहीं धुराबरोबर जाते, कांहीं पाणी वाहून नेतें आणि कांहीं तेलाच्या वांट्यास येते. सिलिंडरांच्या भोंवतीं व माथ्यावर पाणी खेळतें. परंतु पिस्टनच्या पोटाखालीं आणि क्रँकशाफ्टाच्या बेअरिंगांत पाण्याचा प्रवेश नाहीं. तेथें वंगण आणि शीतोपचार हीं दोन्ही कामें एकट्या तेलासच करावीं लागतात. शिवाय बेअरिंगाच्या फटींत तेलाचे थर एकमेकांवर घसरतात, त्या घर्षणानेंही तें तापतें. इंजिनाचे फेरे वाढले कीं ही उष्णता झपाट्यानें वाढते. म्हणूनच शहरांत शहाण्यासारखी वागणारी गाडी मोठ्या रस्त्यावर तासाभरानें तक्रार करूं लागते.

तेल तापलें म्हणजे बिघडतें काय? पहिली गोष्ट, तें पातळ होतें. या गाडीस योग्य अशा २० डब्ल्यू ५० प्रतीच्या तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला जेवढा असतो, त्याच्या सुमारें आठवा हिस्साच १०० अंशांवर उरतो. आणि १३० अंशांवर त्याचाही निम्मा होतो. धातूला धातूपासून दूर ठेवणारा पापुद्रा जितका पातळ, तितका तो फाटण्याचा संभव अधिक. दुसरी गोष्ट, तेल हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून बिघडतें, आणि हा बिघाड स्थूल मानानें दर १० अंशांस दुप्पट वेगानें होतो. भजीं तळून तळून काळें पडलेलें तेल आपल्या गृहिणी पुन्हां कढईंत घालीत नाहींत. इंजिनाला मात्र तसलें तेल आपण वर्षभर पाजतों. ८० ते ११० अंश हा तेलाचा सुखाचा मुलूख समजावा. १२० पर्यंत प्रसंगविशेषीं चालेल. १३० च्या पुढें वरचेवर जाऊं लागलें, तर दुर्लक्ष करणें धोक्याचें.

परंतु तेल जितकें थंड तितकें चांगलें, हा समजही खरा नव्हे. इंजिनांत पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ होते. ती वाफ आणि थोडें न जळलेलें पेट्रोल पिस्टनच्या कडेनें खालीं तेलांत उतरतें. तेल चांगलें गरम झालें तरच हा मळ उडून जातो. सदा ८० अंशांच्या खालीं राहणाऱ्या तेलांत तो साठतो, आणि इंजिनाच्या वरच्या झांकणाच्या आंत लोण्यासारखा पांढुरका थर दिसूं लागतो. तेव्हां आपणांस तेल गोठवावयाचें नसून तें मर्यादेंत ठेवावयाचें आहे.

वैद्यकांत जसें चिकित्सेच्या आधीं निदान, तसेंच येथें आहे. एम. जी. बी. मध्यें पाण्याचें उष्णमान आणि तेलाचा दाब दाखविणारे कांटे आहेत; तेलाचें उष्णमान दाखविणारा कांटा नाहीं. इंजिन गरम असतां रस्त्यानें चालतांना चौरस इंचास ५० ते ८० पौंड, आणि जागच्या जागीं मंद चालतांना १० ते २५ पौंड, ही निर्मात्यानें सांगितलेली दाबाची मर्यादा. दाब याहून कमी दिसण्यास निरनिराळीं कारणें संभवतात. कांटाच खोटा असेल. जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेची स्प्रिंग थकली असेल किंवा झडपेंत घाण बसली असेल. तेल फार तापून पातळ झालें असेल. किंवा दुरुस्तीवाला म्हणतो त्याप्रमाणें बेअरिंगें खरोखरच झिजलीं असतील. पांचपन्नास वर्षांच्या जुन्या कांट्याच्या एकट्या साक्षीवर इंजिनास शिक्षा फर्मावणें हा न्याय नव्हे. म्हणून प्रथम एखाद्या परिचिताकडून खात्रीचा दाबमापक उसना आणावा आणि तात्पुरता जोडून पाहावा. यास खर्च कांहींच नाहीं.

नंतर तेलाचें उष्णमान. दुरून नेम धरून उष्णमान सांगणारें इन्फ्रारेड थर्मामीटर आजकाल फार स्वस्त मिळतें. मात्र चकचकीत धातूवर तें खोटें बोलतें. त्यासाठीं तेलाच्या फिल्टरच्या डब्यावर आणि कूलरकडे तेल नेणाऱ्या नळीच्या इंजिनाकडील तोंडाशीं, उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक एक पट्टा द्यावा व त्यावर नेम धरावा. खालच्या तेलाच्या टांकीवर, म्हणजे संपवर, बाहेरून वारा लागत असल्यामुळें तेथला आंकडा खऱ्यापेक्षां कमी येतो. भाताचें एक शीत दाबून सारा भात शिजला असें ठरविण्याचा जो स्थालीपुलाकन्याय, तो येथें चालत नाहीं. कारण भांड्यांतील भात एकाच आंचेवर असतो, आणि इंजिनांतील तेल जागोजागीं निरनिराळ्या तापाचें असतें. म्हणून जागा ठरवून घ्याव्या आणि दर वेळीं त्याच जागा मोजाव्या.

या दोन मापनांची जोडी वहींत लिहिली कीं निदान आपोआप होतें. तेल ९० अंशांच्या आसपास असतां दाब उत्तम आहे आणि १२५ अंशांवर तो पडतो, तर दोष तापाचा. तेल ८५-९० अंशांवर असतांही दाब मर्यादेच्या खालीं आहे आणि झडप साफ करूनही तो चढत नाहीं, तर मात्र झिजेची शंका खरी मानून इंजिन उघडण्याचा विचार करावा. मग कितीही मोठा कूलर बसविला तरी तें डोकें दुखत असतां पायाला लेप लावण्यासारखें होईल. आमच्या विद्यार्थ्यानें हें सारें केलें. गांवांतून बाहेर पडतांना तेल ९० अंशांजवळ आणि दाब ६० पौंड; मोठ्या रस्त्यावर तासभर चालवून गाडी थांबवितांच तेल १२५ अंशांजवळ, आणि थांबण्यापूर्वीं पाहिलेला दाब ३५ पौंड. बेअरिंगें निर्दोष ठरलीं. ज्वर होता, क्षय नव्हता.

आतां उपचार. यांत क्रम महत्त्वाचा आहे : आधीं फुकटचे, मग स्वस्त, आणि सर्वांच्या शेवटीं महाग.

पहिला उपचार तेलाचाच. आजच्या नव्या मोटारींसाठीं निघालेलीं पातळ तेलें या जुन्या इंजिनास मानवत नाहींत. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडींत मागील दुरुस्तीच्या वेळीं तसलेंच तेल भरलें होतें, असें डब्याच्या नोंदीवरून निघालें. तें काढून, फिल्टर बदलून, २० डब्ल्यू ५० तेल भरावें. या इंजिनांत सुमारें सव्वाचार लिटर मावतें, कूलरमध्यें जातें तें वेगळें. डिपस्टिकीवरील वरच्या खुणेपर्यंतच भरावें. कमी भरलें तर तेंच तेंच तेल विश्रांतीवांचून फिरत राहतें; अधिक भरलें तर क्रँकशाफ्ट तें घुसळतो, फेंस होतो आणि उलट तापच वाढतो.

दुसरा उपचार ठिणगीच्या वेळेचा. डिस्ट्रिब्यूटरमधील वजनें व स्प्रिंगा गंजल्यामुळें किंवा चुकीच्या जुळणीमुळें ठिणगी उशिरां पडूं लागली, तर पेट्रोल उशिरां जळतें. त्याची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजीं सिलिंडरच्या भिंतींस आणि धुराच्या वाटेस मिळते. दोन्ही कार्ब्युरेटरांतून पेट्रोल गरजेपेक्षां कमी येत असेल, तरीही इंजिन तापतें. टायमिंगचा दिवा उसना मिळाला तर ही तपासणी एका सकाळचें काम आहे. ठिणगी फार आधीं आणण्याचा मोह मात्र टाळावा. त्यानें इंजिन ठोके देऊं लागतें आणि पिस्टन फुटण्याचा प्रसंग येतो.

तिसरा उपचार वाऱ्याच्या वाटेचा, आणि माझ्या मतें हाच सर्वांत फलदायी. एम. जी. बी. मध्यें ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढें असतो. समोरच्या जाळींतून आलेला वारा प्रथम त्याच्या पातळ पत्र्यांमधून, मग रेडिएटरमधून जावा, अशी योजना आहे. परंतु वारा आळशी विद्यार्थ्यासारखा असतो. सोपी वाट दिसली कीं कठीण वाटेनें तो जात नाहीं. रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजविणाऱ्या स्पंजाच्या पट्ट्या इतक्या वर्षांत कुजून गेलेल्या असतात, आणि वारा त्या फटींतून निघून जातो. नव्या स्पंजाच्या पट्ट्या कापून तेथें चिकटविण्यास अगदींच किरकोळ खर्च येतो. कूलरच्या पत्र्यांत माशा, पाकोळ्या आणि चिखल यांचें सारण भरलेलें असतें. तें मागच्या बाजूनें पाण्याची बेताची धार सोडून, मऊ ब्रशानें काढावें. जोराच्या फवाऱ्यानें पत्रे वाकतात, म्हणून तो वापरूं नये. वाकलेले पत्रे बोथट सुरीनें एकेक सरळ करावे. तांदूळ निवडण्याइतका धीर यास लागतो. जाळीसमोर हौसेनें लावलेले जादा दिवे आणि क्लबांचीं पदकें काढून ठेवावीं. शोभा वाऱ्याच्या वाटेंत उभी राहतां कामा नये.

चौथा उपचार स्वच्छतेचा. संपच्या बाहेरून तेल आणि धूळ यांचा जो जाड थर बसतो, ती इंजिनास उन्हाळ्यांत पांघरलेली गोधडी समजावी. ती खरवडून काढली म्हणजे संप पुन्हां वाऱ्यानें थंड होऊं लागतो. तसेंच रेडिएटर आणि इंजिनांतील पाण्याच्या वाटा धुवून गाळ काढावा. पाणी तापलेलें असतां तेल थंड राहील, ही आशा व्यर्थ होय.

पांचवा उपचार चालविण्याच्या रीतीचा. इंग्लंडांत मोठ्या रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशीं ७० मैल, म्हणजे सुमारें ११२ किलोमीटर, आहे. साध्या वरच्या गिअरांत त्या वेगास या इंजिनाचे मिनिटास सुमारें ३,९०० फेरे होतात. गाडीस ओव्हरड्राइव्ह असेल तर तो लावल्यावर तेवढ्याच वेगास सुमारें ३,१०० पुरतात. ८०० फेरे वांचले म्हणजे घर्षणाचा तेवढा ताप वांचला. ओव्हरड्राइव्ह असूनही तो चालत नाहीं म्हणून विसरून गेलेले मालक पुष्कळ असतात. बरेचदां दोष एखाद्या सैल तारेचा असतो. ज्या गाडीस ओव्हरड्राइव्ह नाहीं, तिनें ताशीं ६० मैलांनीं जाऊन मुक्कामीं दहा मिनिटें उशिरां पोंचावें. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

इतकें करून तेल मर्यादेंत आलें, तर येथेंच थांबावें. न आल्यास कूलरकडे वळावें. या गाडीस कारखान्याकडून मिळे तो कूलर तेरा ओळींचा असे, आणि रस्त्यावरील नेहमींच्या वापरास तो पुरेसा आहे. त्याहून मोठा बसविण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कूलरनें काढलेली उष्णता नाहींशी होत नाहीं. ती वाऱ्याबरोबर मागच्या रेडिएटरवर जाते. मोठा कूलर रेडिएटरची वाटही अधिक अडवितो. तेल सुधारलें आणि पाणी उकळलें, असा प्रकार होऊं शकतो. शिवाय इंग्लंडच्या हिंवाळ्यांत मोठ्या कूलरमुळें तेल कधींच गरम होत नाहीं. त्यावर खरा उपाय म्हणजे सुमारें ८० अंशांस उघडणारा तेलाचा थर्मोस्टॅट. तोंपर्यंत तो तेलास कूलर टाळून परत पाठवितो. तेवढा खर्च झेपत नसेल, तर हिंवाळ्यापुरता कूलरसमोर पत्र्याचा एक तुकडा नीट बांधावा. तो वसंतांत काढण्याची आठवण म्हणून चालकाच्या समोर चिठ्ठी लावून ठेवावी.

काटकसर कोठें करूं नये, तें आतां सांगतों. जुना कूलर स्वस्तांत मिळतो, परंतु तो कोणत्या इंजिनाचा होता हें विचारल्यावांचून घेऊं नये. ज्या इंजिनाचीं बेअरिंगें मोडलीं, त्याच्या कूलरच्या अरुंद वाटांत धातूचे कण अडकून राहतात आणि कितीही धुतले तरी सारे निघत नाहींत. पुढें ते सुटून निरोगी इंजिनाच्या बेअरिंगांत जातात. दुसऱ्याचा रोग विकत घेण्यासारखें हें आहे.

त्याहून महत्त्वाच्या म्हणजे नळ्या. रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी आंतून कुजलेली असूं शकते. वरून पोलादी जाळी असली म्हणजे तर कांहींच कळत नाहीं. धांवत्या गाडींत अशी नळी फुटली, तर तेलाचा पंप आपलें काम इमानानें करीत राहतो आणि सारें तेल रस्त्यावर ओततो. चालकानें कांटा पाहून इंजिन तत्काळ बंद केलें तर ठीक. नाहीं तर थोड्याच वेळांत बेअरिंगें जळतात, आणि जो खर्च टाळावयाचा होता तोच कितीतरी पटींनीं करावा लागतो. म्हणून तेलाचा ताप व दाब सोसणाऱ्या नव्या, योग्य आट्यांच्या नळ्याच घ्याव्या. पाण्याची किंवा पेट्रोलची नळी पट्टीनें आवळून कोणी बसवूं लागला, तर त्यास हात जोडून घरीं पाठवावें. नळी जेथें पत्र्यांतून आरपार जाते, तेथें रबरी कडें असलेंच पाहिजे. नाहीं तर पत्र्याची कड ती हळूहळू कापते. जोड सोडतांना व आवळतांना दोन पाने वापरावे : एकानें कूलरचें तोंड स्थिर धरावें, दुसऱ्यानें नळीचा नट फिरवावा. एकाच पान्यानें जोर केल्यास कूलरचें तोंडच पिळवटून निघतें.

बसविल्यानंतर ठिणगीच्या तारा सोडवून व प्लग काढून इंजिन स्टार्टरनें फिरवावें, आणि दाबाचा कांटा हलल्यावरच तें सुरू करावें. कूलर व नळ्या भरण्यांत कांहीं तेल जातें, म्हणून पांच मिनिटें चालवून, बंद करून, डिपस्टिक पुन्हां पाहावी. रात्रीं जोडांच्या खालीं पांढरा कागद पसरून ठेवावा. सकाळीं त्यावर डाग नसेल तर काम पक्कें झालें.

आमच्या विद्यार्थ्यास कूलर घ्यावा लागलाच नाहीं. त्याची ठिणगी उशिरां पडत होती, कूलर माशांनीं भरला होता आणि रेडिएटरच्या वरच्या अंगाची पट्टी नाहींशीच झाली होती. नळ्या मात्र इतक्या कडक झाल्या होत्या कीं वांकवितांच त्यांस चिरा गेल्या; त्या त्यानें नव्या घेतल्या. तेल, फिल्टर, स्पंज, नळ्या आणि तें थर्मामीटर, एवढाच खर्च झाला. तितक्याच उन्हाच्या दिवशीं, त्याच रस्त्यानें, त्याच वेगानें तासभर जाऊन त्यानें पुन्हां मोजलें, तेव्हां तेल १०५ अंशांजवळ आणि दाब ५५ पौंड भरला. आईच्या तिकिटाचे पैसे जागच्या जागीं राहिले. दुरुस्तीवाल्यास दोष देण्याचें कारण नाहीं. त्यानें कांटा पाहिला आणि अनुभवानें जें सुचलें तें सांगितलें. मोजण्यास वेळ लागतो, आणि वेळ हीच दुकानांत सर्वांत महाग वस्तु असते. घरच्या माणसाजवळ ती असते.

ज्या वाचकांच्या अंगणांत वडिलांच्या वेळची अँबॅसडर अजून उभी आहे, त्यांनींही हीच रीत अनुसरावी. त्या गाडीस ऑइल कूलर नसतो, आणि विदर्भाच्या वैशाखांत बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांवर जाते. तेव्हां तेलाची प्रत, ठिणगीची वेळ, वाऱ्याची वाट आणि संपची स्वच्छता यांचें महत्त्व तेथें अधिकच. कूलर बसविण्याचा विचार या चार गोष्टी करून, आंकडे लिहून झाल्यावर करावा.

वडील मंडळींस एक विनंति. घरांतील तरुण जुन्या गाडीखालीं उताणा पडून हात काळे करीत असला, कीं आपण त्यास उधळ्या म्हणून मोकळे होतों. त्याच्याजवळ वही आहे काय, आणि तींत तारीख, हवा, वेग, दाब आणि ताप यांची नोंद आहे काय, एवढें आधीं विचारावें. असेल तर तो छंद नसून अभ्यास आहे, आणि नळ्यांसाठीं पैसे मागूं लागला तर ते द्यावे. वही नसेल, तर पैशांऐवजीं प्रथम एक वही आणून द्यावी.

पुढील अंकीं विहिरीवरील विजेच्या पंपाचें पाणी एकाएकीं कां तुटतें, याचा विचार करूं.